ईशापूरची

"म्हणजे गावठीच की."

एवढंच म्हणाला तो माणूस, तेही सहज. २०२४ च्या विधानसभेची आचारसंहिता लागली होती, हत्यारं जमा करा म्हणून नोटीस आली होती आणि पोलीस ठाण्याच्या व्हरांड्यात बाकड्यावर आम्ही सहा-सातजण आपापलं ओझं मांडीवर किंवा पायांशी घेऊन बसलो होतो. एका निवृत्त फौजीकडे दुनळी होती. एक तरुण रिव्हॉल्व्हर घेऊन आलेल्या वडिलांच्या सोबतीला आला होता. माझ्या शेजारच्या गृहस्थांजवळ मऊ तपकिरी चामड्याची पेटी होती, आत ब्रनो रायफल. चेकोस्लोव्हाकिया नावाचा देश नकाशावर होता तेव्हाची. पेटी उघडून त्यांनी ती दाखवली, आणि खरंच सुंदर होती. मग त्यांनी माझ्या कापडी पिशवीकडे बघून विचारलं, "ताई, तुमची कुठली?" मी म्हटलं, "ईशापूरची. तीनशे पंधरा." ईशापूर म्हणजे कोलकात्याजवळचा सरकारी रायफल कारखाना आणि तीनशे पंधरा हे रायफलीचं बोअर, नळीच्या आतल्या रुंदीचं माप. त्यावर ते वाक्य आलं. दसरा होऊन चार-पाच दिवसच झाले होते. पूजेचं कुंकू मी पुसलं होतं, तरी लाकूड आणि लोखंड जिथं मिळतं त्या फटीत आणि स्क्रूच्या खाचेत थोडं राहिलंच होतं. त्यांची नजर तिथं गेली आणि ते हसले. मीही हसले, आणि म्हणाले, "हो, गावठीच."

हे "हो" मला घरी येईपर्यंत टोचत राहिलं. नंतरही कितीतरी दिवस.

गावठी हा शब्द आपल्याकडे दोन तोंडांचा आहे. गावठी कोंबडी, गावठी अंडी, गावठी कोथिंबीर म्हटलं की भाव चढतो आणि नाकाशी वास येतो. गावठी माणूस, गावठी दारू, गावठी कट्टा म्हटलं की तोच शब्द माणसाला खाली बघायला लावतो. बंदुकीच्या बाबतीत तर तो थेट गुन्ह्याच्या बातमीतला शब्द आहे. चोरून, भट्टीत पाइप तापवून केलेल्या हत्याराला गावठी म्हणतात. माझ्या पिशवीतली रायफल सरकारी कारखान्यात तयार झालेली, नंबर कोरलेली, सेहेचाळीस वर्षं एका घराच्या परवान्यावर नोंदलेली. पण ठाण्यातल्या तरुण हवालदारानं आमचं बोलणं ऐकलं असावं. पोचपावतीवर ‘बनावट’ या रकान्यात त्यानं एकच शब्द लिहिला, ‘देशी’. बाहेर येऊन मी पावती वाचली. देशी बनावट. रोजच्या पेपरात ‘देशी बनावटीचे पिस्तूल जप्त’ असं छापून येतं, तेच. आत जाऊन बदलून घ्यावं असं वाटलं, पण मागं रांग होती आणि मी आधीच एकदा मान डोलावली होती.

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ही रायफल १९७८ साली उसाच्या बिलातून घेतली. आमची वस्ती गावापासून दीड मैलावर, मळ्यात. रात्री विजेचा एकच दिवा आणि चारी बाजूंना ऊस. उसात वारा शिरला की माणूस चालतोय का वारा, ते आईला कधीच कळायचं नाही, आणि त्या वर्षी आजूबाजूच्या दोन वस्त्यांवर चोऱ्या झाल्या होत्या. परवाना मिळायला वर्ष गेलं. दुकानात अण्णांपुढं दोन रायफली होत्या असं ते सांगतात. एक जुनी विलायती, कुठल्याशा संस्थानिकाच्या घरून आलेली, नळीवर वेलबुट्टी. दुसरी ही, जिच्यावर बघण्यासारखं काही नव्हतं. दुकानदार विलायतीचं कौतुक करत राहिला. अण्णांनी फक्त काडतुसं कुठून येतात ते विचारलं. विलायतीची मिळतील तेव्हा मिळतील असं उत्तर आलं. हिची खडकीला होतात. "बंदूक घेताना बंदूक बघायची न्हाई पोरी, काडतूस बघायचं," असं ते मला पुढं कितीदा तरी म्हणाले. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. पितळी पुंगळीच्या बुडाशी इंग्रजी ‘के एफ’ अक्षरं असतात, ती लहानपणी मी अंगठ्यानं चाचपायची. रायफल हुगळीकाठची आणि काडतूस मुळेकाठचं, अशी सोयरीक जमवून अण्णा घरी आले.

विलायतीचं मोल नंतर आणखीच वाढलं. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात नागरिकांसाठी परदेशी हत्यारांची आयात जवळजवळ थांबली आणि आधी जे देशात आलेलं होतं तेवढंच फिरत राहिलं. एका हातातून दुसऱ्या हातात जाताना त्याची किंमत चढत गेली. त्या किमतीत पोलाद किती आणि दुर्मीळपणा किती, हे सांगणं अवघड आहे. ज्यांच्याकडे तशा रायफली आहेत ते त्यांची नावं घराण्याच्या नावासारखी घेतात. आमच्या रायफलीला कुणी नावानं ओळखतच नाही. सगळे तिला तिच्या बोअरनं हाक मारतात, तीनशे पंधरा. कारखान्याचं नाव नळीवर आहे, पण ते वाचायला कुणी थांबत नाही. मीसुद्धा शाळा संपेपर्यंत थांबले नव्हते.

शाळेत असताना मला एकच कोडं होतं. पोलिसांकडची थ्री नॉट थ्री आणि आमची, दोन्ही दिसायला सख्ख्या बहिणी. मग आकडा वेगळा का? अण्णांना ते ठाऊक नव्हतं. उत्तर बऱ्याच वर्षांनी वाचनात सापडलं आणि ते वाचताना मी ताठ बसले होते हे आठवतं. सत्तावन्नची धास्ती इंग्रजांच्या मनातून गेली नव्हती. १८७८ चा शस्त्र कायदा त्याच धास्तीतून आला. पुढं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, फौजेच्या बंदुकीत चालणारं काडतूस इथल्या नागरिकाच्या हाती पडता कामा नये, असा नियम झाला. फौजेची .३०३ होती, म्हणून ती बंद. बंदूक विकायची तर होती, पण तिची गोळी लष्कराच्या कोठारातल्या गोळीशी जुळायला नको होती. मग ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्याचं मानलिखर काडतूस घेतलं गेलं, आठ मिलिमीटरची गोळी आणि पन्नास मिलिमीटरची पुंगळी. इंचात मोजलं की .३१५. बोल्टची, म्हणजे काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणाऱ्या दांड्याची, रचना मात्र फौजेच्या त्या .३०३ ची, ली-एनफील्डचीच ठेवली. जेम्स पॅरिस ली हा मूळचा स्कॉटलंडचा, लहानपणी कॅनडात गेलेला आणि पुढं अमेरिकेत राहिलेला माणूस. अशा रायफली आधी बर्मिंगहॅमहून इकडं यायच्या, मग ईशापूरला होऊ लागल्या. म्हणजे आमच्या घरातल्या या मुक्या वस्तूचा आकडासुद्धा एका परक्या राज्यकर्त्याच्या भीतीनं ठरवलेला होता. राज्य गेलं, १९५९ चा नवा कायदा आला, पण नागरिकाला .३०३ आजही मिळत नाही आणि .३१५ चालूच आहे. भीती घालणारे गेले तरी तिचं माप राहून गेलं.

२०१८ साली कामासाठी कोलकात्याला गेले होते. एक दुपार मोकळी मिळाली तेव्हा लोक काय काय बघायला जातात, मी सियालदाहून लोकल धरली. बराकपूर गेलं, तिथं १८५७ च्या मार्चमध्ये काय झालं ते डब्यात बसल्या बसल्या आठवलंच. ती बंदूकही एनफील्डच होती, आणि तंटा तिथंही काडतुसाचाच होता. मग पलता, आणि पुढचं स्टेशन माझं. फलकावर इच्छापूर लिहिलेलं. आयुष्यभर ज्याला ईशापूर म्हणत आले ते गाव स्वतःला इच्छापूर म्हणत होतं, आणि मी काही क्षण फलाटावर तशीच उभी राहिले, बारशाच्या नावानं कुणाला पहिल्यांदा हाक मारावी तसं मनाशी ते नाव म्हणत. या जागी १७८७ साली बंदुकीच्या दारूचा कारखाना उभा राहिला आणि त्याच जागेवर १९०४ मध्ये रायफल कारखाना आला. मला आत जाता येणार नव्हतं, ते माहीतच होतं. भिंत होती, लांबलचक. हवेत नदीचा ओलसर वास. एका टपरीवर मातीच्या भांड्यात चहा घेतला आणि सुट्टीची वेळ झाली तशी माणसं बाहेर पडू लागली. सायकली, जेवणाचे डबे, कुणाच्या खांद्यावर गमछा. मी त्यांचे हात बघत होते. जुन्या रायफल कारखान्यांमध्ये नळी सरळ आहे की नाही हे डोळ्यानं पारखणारे कारागीर असत. नळी उजेडाकडे धरायची आणि आत पडणारी सावलीची रेघ कुठं मोडते ते बघायचं. मोडली की तेवढ्याच जागी दाब द्यायचा आणि पुन्हा बघायचं. आमची नळी त्या भिंतीमागं कुणीतरी अशीच उजेडाकडे धरली असेल. त्याचं नाव कुठंच कोरलेलं नाही. मला त्या गर्दीतल्या एखाद्याला थांबवून सांगायचं होतं की तुमची एक रायफल आमच्याकडे आहे, कृष्णाकाठी, आणि ती चांगली आहे. मला बंगाली येत नाही. गर्दी ओसरली आणि मी परतीची लोकल धरली.

घरी ती वर्षातून एकदाच सगळ्यांसमोर यायची, खंडेनवमीला. कोयता, खुरपं, पहार, पाना, आईचं शिवणयंत्र आणि शेजारी ही. आई सगळ्यांना एकाच वाटीतलं हळदकुंकू वाहायची आणि झेंडूचं एकेक फूल. रायफलीला वेगळा मान नव्हता. दुसऱ्या दिवशी अण्णा मात्र तिला वेगळी काढायचे, कारण ओलं कुंकू लोखंडाला गंज आणतं. ओट्यावर घोंगडं अंथरायचं, बोल्ट मागं खेचून काढून घ्यायचा, पुलथ्रूच्या दोरीला फ्लॅनेलची चिंधी लावून नळीतून ओढायची. पहिली चिंधी काळी, मग करडी, मग पांढरी. पांढरी आली की ते नळी आभाळाकडे धरून मला आत डोळा लावायला सांगत. आतले आटे गोल गोल फिरत लांबवरच्या उजेडाच्या ठिपक्यापर्यंत जायचे. विहिरीत वाकून बघितल्यावर तळाशी आभाळ दिसतं, तसं. तेलाचा तो वास मला अजूनही दसऱ्याचाच वास वाटतो. बोल्ट पुन्हा बसवून पुढं ढकलताना तो शेवटच्या इंचभरात अडतो, तिथं जोर द्यावा लागतो, कारण या रचनेत काडतुसावर आपटणाऱ्या सुईची स्प्रिंग बोल्ट मिटताना दाबली जाते. अण्णा म्हणायचे, तिथं ती तुला इचारती, खरंच का म्हणून.

गावात एका लग्नात कुणीतरी वरातीपुढं बार काढायला अण्णांना बोलावलं होतं. मोठं घर होतं, नाही म्हणणं जड होतं. अण्णांनी आहेर केला, जेवले आणि रिकाम्या हातानं वरातीत चालले. बारा-तेरा वर्षांची असेन मी, मला त्यांचा राग आला होता. सगळ्यांकडे असते तशी आपल्याकडेही एक मिरवायची वस्तू आहे आणि आपला बाप ती मिरवत नाही, असं वाटलं होतं.

ती एकदाच वाजली. म्हणजे रेंजवरचं सोडून, घरून एकदाच. १९९३ चा उन्हाळा असावा. मध्यरात्री कुत्री भुंकायला लागली आणि पाण्याच्या मोटारीच्या बाजूला बॅटरीचा उजेड हलताना दिसला. दोघं-तिघं असावेत. अण्णांनी दोनदा आवाज दिला. उजेड विझला, पण पावलं जवळ यायला लागली. मग त्यांनी नळी वर करून बार काढला. तो आवाज मी कानांनी ऐकला असं म्हणता येणार नाही, तो छातीवर आदळला. नंतर जी शांतता झाली तिच्यात कुत्रीसुद्धा गप्प होती. आईच्या बांगड्या तेवढ्या किणकिणत होत्या, कारण तिचे हात थरथरत होते. चोर पळाले. शेजारच्या वस्तीवरची माणसं कंदील घेऊन आली, अण्णांची पाठ थोपटली, चहा झाला. अण्णा चहा न घेता बसून होते. उजाडताच त्यांनी चपला घातल्या आणि नळी ज्या दिशेला होती त्या दिशेनं चालायला लागले. मी मागोमाग. रायफलची गोळी वर गेली तरी ती कुठंतरी खाली येतेच, आणि मैलाच्या वर जाऊ शकते. उसातून, ओढ्यातून, पुन्हा उसातून आम्ही त्या बाजूच्या प्रत्येक वस्तीवर गेलो. अण्णा अंगणात उभे राहून विचारायचे, "सगळी बरी हायत न्हवं? जनावरं बरी हायत?" लोकांना कळायचं नाही काय विचारतोय. पाच वस्त्या झाल्या. शेवटच्या वस्तीवर एक म्हातारी शेण सारवत होती, ती म्हणाली, "बरी हाओत बाबा, तुला काय झालंय?" तेव्हा अण्णा तिथल्याच दगडावर बसले आणि पाणी मागितलं. परत येताना म्हणाले, "बार काढणाऱ्याला बार ऐकू येतो. गोळी कुठं पडली ते न्हाई कळत." मग ठाण्यात जाऊन त्यांनी स्वतः सांगितलं आणि घरी येऊन वहीत लिहिलं, काडतूस एक खर्ची. ती वही अजून आहे. त्या पानानंतर ती कोरी आहे.

म्हणून परवाना माझ्या नावावर करायचं ठरलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं नाही. सत्तरी ओलांडलेल्या परवानाधारकाला हत्यार वारसाच्या नावे करता येतं. भाऊ पुण्यात, त्याला ही जबाबदारी नको होती. विकायची तर एवढ्या जुन्या तीनशे पंधराला काय येणार, असं सगळेच म्हणत होते. मला तिची भीती होती आणि ओढही होती, आणि अजूनही दोन्ही आहेत. प्रशिक्षणाला रेंजवर गेले तेव्हा पहिल्या गोळीनं खांदा दोन दिवस हिरवानिळा झाला. जळलेल्या दारूचा वास नाकात बसला. कागदावर काळ्या वर्तुळाच्या काठाला एक भोक पडलं होतं. ते बघून मला आनंद झाला, निखळ आनंद, आणि रात्री झोपताना त्या आनंदाचीच काळजी वाटली. दुसऱ्या दिवशी बोल्ट मिटताना शेवटच्या इंचाला तो अडला, आणि अण्णांचं म्हणणं मला तिथं, हाताला कळलं. माझ्या एका मैत्रिणीला मी बंदूक बाळगते हेच पटत नाही. तिच्याशी मी वाद घालत नाही, कारण तिचं निम्मं मलाही पटतं.

निकाल लागले, आचारसंहिता उठली आणि डिसेंबरात रायफल परत घ्यायला गेले. तोच हवालदार. नोंदवही उघडली, सही करायला पेन पुढं केलं. मी म्हटलं, "दादा, इथं ‘देशी’ लिहिलंय. कारखान्याचं नाव लिहाल का?" त्यानं वर बघितलं. वैतागला नाही, त्याला फक्त ते नाव माहीत नव्हतं. मी पिशवीची चेन उघडून नळीवरची अक्षरं दाखवली. त्यानं वाकून, बोट फिरवून वाचली. मग ‘देशी’वर एक सरळ रेघ मारली, बाजूला छोटी सही केली आणि विचारलं, "ईशापूर. ई दीर्घ ना?" मी म्हटलं, "दीर्घ." रायफल फॅक्टरी, ईशापूर. रकाना लहान होता, शेवटची दोन अक्षरं बाहेर आली.

घरी अण्णा ओट्यावर उन्हात बसले होते. आता ऐंशीच्या घरात आहेत, एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय. मी पावती त्यांच्या हातात दिली आणि काय बदलून घेतलं ते सांगितलं. त्यांनी ती लांब धरून वाचली. बनावटीच्या रकान्यावर नजर थांबली नाही, पुढं नंबरावर गेली. "नंबर जुळवून घेतलास?" म्हणाले. घेतला, म्हटलं. "दाव इकडं." मी बोल्ट काढला, रायफल रिकामी असल्याचं दोनदा बघितलं आणि नळी आभाळाकडे केली. कायद्यानं आता हत्यार माझं आहे, म्हणून त्यांनी ते हातात घेतलं नाही. मी धरून ठेवलं आणि त्यांनी नुसता डोळा लावला, चांगला डोळा. बराच वेळ बघत होते. दीड महिना ठाण्याच्या दमट खोलीत पडून होती.

"घाण हाय," म्हणाले. "चिंधी आण."